दोन विमानांमधली खाडी

लंडनहून कराचीकडे जाणारी इंपीरियल एअरवेजची विमाने १९३२ पासून आखातात शारजाला मुक्कामाला उतरू लागली. कंपनीने तिथल्या शेखांशी करार केला, वाळवंटात धावपट्टी आखून घेतली आणि तिच्या कडेला गढीसारखे विश्रामगृह उभे राहिले. जाड भिंती, भक्कम दरवाजा, पहारा. मोजकेच प्रवासी. ते दिवस मावळताना उतरायचे, भिंतींच्या आत जेवायचे, झोपायचे आणि उजाडता उजाडता पुढच्या मजलेला निघायचे. ज्या मुलखात आपण रात्र काढली तो कसा आहे, तिथली माणसे काय खातात, कशावर जगतात, हे कळायला त्यांना वावच नव्हता.

त्या गढीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आज दुबईचा विमानतळ आहे. २०२४ मध्ये तिथून नऊ कोटींहून अधिक प्रवाशांनी ये-जा केली. अमेरिकेतल्या मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, युरोपच्या सहलीचे गट, शिकायला चाललेली मुले, अशी पुण्या-मुंबईची कितीतरी माणसे त्यांत असतात. पुढचे विमान रात्री असले तरी बहुतेक जण दिवसभर काचेच्या भिंतींआडच बसून राहतात. परदेशात असा मधला मोकळा दिवस मिळाला तर तो वाया घालवू नये, असे मला मनापासून वाटते. मात्र त्या दिवसाचे तुकडेही करू नयेत. दुबईत उतरलेला माणूस साधारणपणे बुर्ज खलिफा, एखादा मॉल, जमलेच तर वाळवंटातली जीपची फेरी असा बेत आखतो आणि निम्मा वेळ रुंद रस्त्यांवरच्या रहदारीत घालवतो. मी माझा दिवस एका खाडीला द्यायचे ठरवले होते. विमानतळापासून ती हाकेच्या अंतरावर आहे. आणि दुबई हे गाव का वसले, त्याचे शहर कसे झाले, त्या शहरात पैसा कुठून आला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या काठावर सापडतात.

चालक नसलेली मेट्रो विमानतळावरूनच निघते, थोडा वेळ उंचावरून धावते, मग जमिनीत शिरते आणि खाडीखालून पलीकडे जाते. पूर्वेच्या काठावर देरा, पश्चिमेच्या काठावर बर दुबई. मधली खाडी म्हणजे वाळवंटात आत घुसलेला समुद्राचा हात आहे. तिला कुठलीही नदी येऊन मिळत नाही. भरतीला पाणी आत येते, ओहोटीला बाहेर जाते. या किनाऱ्यावर वर्षाकाठी पाऊस जेमतेम काही दिवस पडतो, शेती नाही, नद्या नाहीत. अशा ठिकाणी होड्यांना वाऱ्यापासून आडोसा देणारे शांत पाणी एवढीच काय ती निसर्गाने दिलेली मिळकत.

बर दुबईत मेट्रोतून वर आले तेव्हा जानेवारीतली सकाळ होती आणि अंगावर शाल असती तरी चालली असती. खाडीकाठी आता जुन्या गावाची नक्कल करून एक नवी बाजारपेठ बांधली आहे. भिंतींचा गिलावा मुद्दाम उडवलेला, विजेच्या तारा मुद्दाम लोंबत्या ठेवलेल्या. लोक तिथे हौसेने छायाचित्रे काढतात. मला ते रुचले नाही, कारण खरे जुने घर तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर उभे आहे.

अल फहिदी नावाच्या त्या वस्तीला जुने लोक अजून बस्तकिया म्हणतात. इराणच्या दक्षिण भागात बस्तक नावाचे गाव आहे, तिथल्या व्यापाऱ्यांनी ही वस्ती वसवली. आखाताच्या पलीकडच्या काठावरचे लिंगा हे इराणचे बंदर त्या काळी भरभराटीला आले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराण सरकारने जकातीची व्यवस्था बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हाती देऊन कर वाढवले. इकडे दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना उलट करमाफी दिली आणि घरे बांधायला खाडीकाठी जागा दिली. लिंग्याचे व्यापारी कुटुंबकबिल्यासह इकडे आले. मुंबईहून आखातात फेऱ्या मारणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीही याच सुमारास दुबईला नियमित थांबू लागल्या. कर कमी ठेवा, माणूस कुठला आहे हे विचारू नका, माल येऊ द्या आणि जाऊ द्या: दुबईचे आजचे धोरण सव्वाशे वर्षांपूर्वी इथे पक्के झाले होते, आणि तेव्हा खनिज तेलाचे नावही कुणी घेतले नव्हते.

गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आले तर अंग चोरून उभे राहावे लागते. ही अरुंदी जाणूनबुजून ठेवलेली आहे. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे दिवसाचा बराच वेळ सावली राहते, आणि गल्लीचे तोंड खाडीकडे असल्याने वारा आत खेचला जातो. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. समुद्रातून काढलेला हा दगड सच्छिद्र असतो आणि ऊन आत झिरपू देत नाही. छताला पूर्व आफ्रिकेहून गलबतांनी आणलेल्या खारफुटीच्या वाशांचा आधार. त्या वाशांच्या लांबीवर खोलीची रुंदी ठरायची, म्हणून इथल्या खोल्या लांबट आणि चिंचोळ्या असतात. दारांना सागवान वापरले आहे आणि ते आपल्याकडून, मलबारच्या किनाऱ्यावरून आले.

प्रत्येक मोठ्या घरावर चौकोनी मनोरा दिसतो. अरबीत त्याला बर्जील म्हणतात. वरच्या टोकाला तो चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत फुलीच्या आकाराच्या आडभिंती असतात. वारा कुठूनही येवो, त्या बाजूची पोकळी त्याला पकडून खाली खोलीत सोडते आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. एका घरात मी मनोऱ्याच्या बरोबर खाली उभी राहिले. बाहेर पानही हलत नव्हते, पण डोक्यावर वाऱ्याची झुळूक स्पष्ट जाणवत होती. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवेत समुद्राचा ओलावा असतो. वीज येण्यापूर्वी ज्यांना परवडत होते ते असे राहिले. बाकीचे गाव खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहत होते, आणि त्यातले आता फारसे काही उरलेले नाही. जुने शहर पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. दगड टिकतो, झावळ्या टिकत नाहीत, म्हणून इतिहासात व्यापाऱ्यांची घरे दिसतात आणि समुद्रातून मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची दिसत नाहीत.

ही घरेसुद्धा थोडक्यात वाचली. १९८०च्या दशकात वस्तीचा बराच भाग पाडून झाला होता. रेनर ऑटर हे ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ त्यातल्याच एका घरात राहत होते. त्यांनी पाडकामाविरुद्ध नेटाने आवाज उठवला. १९८९ मध्ये प्रिन्स चार्ल्स दुबईला आले असताना त्यांनी ही वस्ती पाहिली, तिच्याविषयी आस्था दाखवली आणि उरलेली घरे राखली गेली. जवळच अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला फहिदी किल्ला आहे, दुबईतली सर्वांत जुनी उभी वास्तू. तो दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून बाहेरूनच पाहिला. आपल्याकडच्या गडकोटांची सवय असलेल्या डोळ्यांना तो लहान वाटेल. पण त्याच्या बुरुजांवरून वाळवंट आणि खाडी या दोन्हींवर नजर ठेवता येत होती आणि गावाला तेवढे पुरत होते.

किल्ल्यामागच्या मशिदीला वळसा घातला की एक बोळ लागतो. झेंडूच्या माळा, नारळ, कुंकू, उदबत्त्या, तांब्याची निरांजने. लोक त्याला हिंदी लेन म्हणतात. सिंधमधल्या ठट्ट्याचे भाटिया व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोत्यांच्या व्यापारासाठी इथे येत आहेत, त्यांच्यामुळे मशिदीच्या सावलीत पूजेची जागा झाली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जेबेल अलीत २०२२ मध्ये मोठे मंदिर उघडले आहे आणि पुष्कळशी गर्दी तिकडे वळली, तरी फुलांची दुकाने इथे आहेत. गजरा विकत घेताना बाईने किंमत दिरहॅममध्ये सांगितली. सत्तरएक वर्षांपूर्वी ती रुपयात सांगितली गेली असती.

हा भाग मला सगळ्यात नवलाचा वाटला आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुबईचे चलन भारतीय रुपया होते. १९०९ मध्ये इथे टपाल कचेरी उघडली ती भारतीय टपाल खात्याची, आणि पत्रांवर भारतीय तिकिटे लागत. १९३७ मध्ये इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमाने याच खाडीत उतरू लागली, तेव्हा तळाचे भाडे ठरले ते दरमहा सुमारे ४४० रुपये. आज जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक ज्या शहरात आहे, त्याच्या हवाई वाहतुकीची पहिली पावती रुपयात फाटली होती.

स्वातंत्र्यानंतर मात्र दिल्लीला या रुपयाची काळजी वाटू लागली. भारतात सोन्याच्या आयातीवर बंधने होती. दुबईत ती नव्हती. मुंबईतला भाव दुबईपेक्षा बराच चढा, त्यामुळे दुबईत उघडपणे विकत घेतलेले सोने गलबतांतून कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर चोरून उतरायचे आणि त्याच्या मोबदल्यात रुपयाच्या नोटा आखातात जायच्या. त्या नोटा बँकांमार्फत परत आल्या की रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. हे थोपवायला १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातात चालतील अशा निराळ्या रंगांच्या नोटा छापल्या. दहा रुपयांची नोट लाल, शंभराची हिरवी. भारतात त्या खपत नसत. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले तेव्हा आखाती शेखांच्या खजिन्यातला पैसा एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरला असता. त्यांनी रुपया सोडला. दुबईने कतारबरोबर रियाल काढला आणि १९७३ मध्ये आजचा दिरहॅम आला. कापडबाजारातून चालताना दुकानदार "देखिए मॅडम, पश्मीना" म्हणून हाका मारत होते. या बाजाराची भाषा अजून हिंदीच आहे.

बाजाराच्या पलीकडे खाडीच्या मुखाशी शिंदगा आहे. दुबईचा राजकीय इतिहास इथून सुरू होतो. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून गेलेल्या ब्रिटिश आरमाराने रास अल-खैमाचे बंदर उद्ध्वस्त केले आणि पुढच्या वर्षी या किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला. आखातातला ब्रिटिश कारभार नंतर अनेक वर्षे मुंबई सरकारच्या हाताखाली चालला. १८३३ मध्ये अबू धाबीच्या बनी यास टोळीतली आठशेच्या आसपास माणसे सत्ताधाऱ्यांशी बिनसल्यामुळे उठून निघाली आणि या टोकावर येऊन राहिली. मक्तूम घराणे तेव्हापासून दुबईवर राज्य करते. १८९६ च्या सुमारास बांधलेला त्यांचा वाडा आता संग्रहालय आहे आणि आजूबाजूची कित्येक घरेही त्याच संग्रहालयाचा भाग झाली आहेत.

त्यातली दोन दालने मी वेळ देऊन पाहिली. पहिले मोत्यांचे. उन्हाळ्याचे चार महिने, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, गावातले धडधाकट पुरुष बोटींवर असत. नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा चिमटा, बोटांना कातडी टोप्या, गळ्यात शिंपल्यांसाठी जाळीची टोपली, पायात दगड बांधलेला दोर. दगडाच्या वजनाने पाणबुड्या तळाला जाई, दीड मिनिटाच्या आत जेवढे हाती लागतील तेवढे शिंपले गोळा करी आणि दोराला हिसका देई. वरचा गडी त्याला ओढून घेई. अशा दिवसाला पन्नासच्या आसपास बुड्या, आणि काम संपेपर्यंत पोटात फक्त खजूर आणि कॉफी. कानाचे पडदे फाटत, डोळे जात. हंगामाच्या आधी नाखवा उचल देई आणि मोसम वाईट गेला तर ती फिटत नसे. बापाचे कर्ज मुलाच्या बोकांडी बसे. पाणबुड्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलामही मोठ्या संख्येने होते. काचेमागे लाल फडक्यावर ठेवलेले ते इवलेसे मोती पाहून कौतुकाआधी मन जड झाले.

हे मोती जात मुंबईला. आखाती व्यापारी हंगाम संपला की आगबोटीने येत, महिनोन्महिने राहत. झवेरी बाजारालगतच्या मोती बाजारात मोती पितळी चाळण्यांतून चाळून, तोलून, रंगाप्रमाणे लावून, भोके पाडून लडींत ओवले जात आणि मग पॅरिस-लंडनला रवाना होत. आपल्या आज्यांच्या नथींतले, तन्मण्यातले बसरा मोती म्हणून जे ओळखले जात ते याच पाण्यातले. बसरा हे एक बंदर. मोती पिकत ते बहारीनपासून दुबईपर्यंतच्या उथळ समुद्रात. १९२०च्या दशकात जपानमध्ये मिकिमोतोच्या पद्धतीने पिकवलेले गोल मोती बाजारात आले, पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली आणि काही वर्षांत हा धंदा झोपला. दुबईत व्यापारी बुडाले, शाळा बंद पडल्या, लोक अर्धपोटी राहिले. या शहराच्या स्मृतीत भूक फार जुनी नाही.

दुसरे दालन सुगंधाचे. शेख घराण्यातल्या एका स्त्रीचे हे राहते घर होते आणि अत्तरे तयार करणे हा तिचा ध्यास. केशर, गुलाब, कस्तुरी, चंदन, आणि या सगळ्यांत मानाचे म्हणजे ऊद. अगरूच्या झाडाला विशिष्ट बुरशी लागली की ते स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करते आणि राळेने भरलेले ते लाकूड सोन्याच्या तोलाने विकले जाते. आसामपासून कंबोडियापर्यंतच्या जंगलांतून ते इथे येते. जेवण झाल्यावर धुपाटणे पाहुण्यांपुढे फिरवतात, पाहुणे तो धूर कपड्यांत, दाढीत घेतात आणि उठतात. ऊद फिरला म्हणजे निरोपाची वेळ झाली, हा इथला संकेत. आपल्याकडे मंगलकार्यात पाहुण्यांना अत्तरगुलाब लावून निरोप देत, त्याच रीतीचा हा वाळवंटातला अवतार मला वाटला.

दुपारी एकनंतर जुन्या बाजारांतली बरीच दुकाने झोपतात आणि चारच्या सुमारास जागी होतात. त्या मधल्या वेळात मी खाडीच्या दुसऱ्या टोकाला, रास अल-खोरला गेले. इथे पाणी पसरून उथळ होते, चिखलाची मैदाने आणि खारफुटी सुरू होते. सुमारे सहा चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य २००७ मध्ये रामसर यादीत गेले. लाकडी आडोशातून पाहिले तर शेकडो रोहित पक्षी मान खाली घालून चिखल गाळत होते आणि त्यांच्यामागे बुर्ज खलिफाचा सुळका. ठाण्याच्या खाडीतले रोहित पाहिलेल्या माणसाला पक्षी नवीन नाहीत. नवल होते ते जागेचे. जिथे जमिनीच्या चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, त्या शहराच्या ऐन मध्यावर एवढी दलदल कुणी मोकळी ठेवली आहे. बुर्ज खलिफा तिथून पाहिला तेवढा मला पुरला.

संध्याकाळी परत बर दुबईच्या धक्क्यावर आले आणि अब्रात बसले. अब्रा म्हणजे मधोमध लाकडी बाक आणि वर कापडी छत असलेली उघडी होडी. माणशी एक दिरहॅम घेऊन ती पाच-सात मिनिटांत देरा काठावर सोडते. माझ्या होडीत कामावरून सुटलेले मजूर, बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक फिलिपिनो बाई आणि रशियन पर्यटक होते. वल्हवणारा, म्हणजे आता इंजिन हाकणारा, चितगावचा होता. मधल्या पाण्यात दोन्ही काठ एकदम दिसतात आणि दुबईच्या नशिबातला सर्वांत मोठा निर्णय नेमका इथल्या तळाशी झाला आहे.

१९५०च्या दशकात ही खाडी गाळाने भरत चालली होती. ओहोटीला मुखाशी दोन-तीन फूट पाणी राही. आगबोटी बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि माल पडावांनी आत आणावा लागे. शेजारच्या शारजाची खाडी अशीच गाळली आणि तिथला व्यापार मार खाऊन दुबईकडे सरकला. १९५८ मध्ये गादीवर आलेले शेख रशीद यांनी खाडी उपसायचे ठरवले. पैसा नव्हता. कुवेतच्या अमीरांकडून कर्ज काढले, व्यापाऱ्यांना रोखे विकले, ब्रिटिश अभियंत्यांची हॅलक्रो ही कंपनी नेमली. १९६१ पर्यंत पाचशे टनांपर्यंतची जहाजे आत येऊ लागली. उपसलेली वाळू काठावर टाकून नवी जमीन तयार केली आणि ती विकून कर्ज फेडायला हातभार लावला. विमानतळही १९६० मध्ये सुरू झाला, दाबलेल्या वाळूच्या धावपट्टीवर. दुबईच्या समुद्रात तेल सापडले १९६६ मध्ये आणि पहिली निर्यात झाली १९६९ मध्ये. तेलामुळे दुबई झाली, असे आपण सरसकट म्हणतो. कर्ज काढून खाडी उपसणाऱ्या या माणसाची जिद्द त्या वाक्यात हरवून जाते. अबू धाबीच्या मानाने दुबईचे तेल थोडेच होते आणि आज तिच्या उत्पन्नात त्याचा वाटा अगदी किरकोळ आहे. तेलाच्या पैशातून बंदरे, गोद्या, रस्ते झाले हे खरे. पण बंदर हवे हे आधी ठरले होते.

देरा काठावर उतरताच मसाल्यांचा वास नाकात भरतो. इराणी केशर, वाळवलेल्या गुलाबकळ्या, ओमान आणि सोमालियाचा लोबान, उन्हात काळी पडेपर्यंत सुकवलेली लिंबे. ही लिंबे ठेचून आमटीत, मटणात घालतात आणि आंबटपणाबरोबर किंचित धुरकट चव येते. मी त्यांचा भाव विचारत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "ताई, मुंबईच्या काय?" गृहस्थ खेड तालुक्यातले निघाले. वडील इथे आले तेव्हा बोटीने आले, म्हणाले. चौथा दिवस उजाडला तरी किनारा दिसेना म्हणून घाबरले होते. स्वतः तीस वर्षे याच गल्लीत आहेत, मुले रत्नागिरीत शिकली. "घर बांधलं गावाला, मोठं बांधलं. राहायला कोण आहे त्यात? मी मे महिन्यात जातो आंब्याला." लिंबे त्यांनी जबरदस्तीने पिशवीत घातली आणि पैसे घेईनात. कोकणातल्या कितीतरी गावांत अशी मोठी, बंद घरे मी पाहिली आहेत. त्यांचा दुसरा अर्धा भाग मला या गल्लीत भेटला.

सोन्याच्या बाजाराविषयी थोडेच लिहिते. दुकानांच्या काचांमागे छातीभर रुंदीचे हार टांगलेले असतात आणि एका दुकानात जवळजवळ चौसष्ट किलोची अंगठी मांडली आहे. गर्दी तिच्यापुढे असते. मला एका काचेमागची दहा तोळ्यांची साधी बिस्किटे जास्त बोलकी वाटली. तोळा हे आपले वजन, आणि बाजारात ते टिकून राहिले ते भारतीय गिऱ्हाइकामुळे. साठच्या दशकातली ती गलबते हीच बिस्किटे घेऊन निघत.

बाजारामागच्या नैफ भागात हे शहर चालवणारी माणसे राहतात. १९६८ च्या जनगणनेत दुबईत एकोणसाठ हजारांच्या आसपास माणसे होती. आज पस्तीस लाखांहून अधिक आहेत आणि त्यांत इथले मूळचे नागरिक दहांत एकही धड भरत नाहीत. बाकीचे सगळे बाहेरून आलेले, त्यांत भारतीय सर्वांत जास्त. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर मुक्काम. अनेक जण इथे खोली भाड्याने घेत नाहीत, खाट घेतात. त्याला सगळे बेड-स्पेस म्हणतात. एका खोलीत सहा-आठ खाटा, खाटेखाली पेटी, पडद्याआड एकेकाचा संसार. रस्त्यावर दर दहा पावलांवर पैसे पाठवण्याची पेढी आणि तिच्या फलकावर रुपया, टका, पेसो यांचे दर. पगाराच्या आठवड्यात तिथे लांब रांगा लागतात. पाणबुड्याची उचल आणि या मजुराने एजंटाला देण्यासाठी काढलेले कर्ज यांत फार अंतर आहे असे मला वाटत नाही, आणि या शहराची स्तुती करताना ते विसरू नये.

शेवटचा तास मी धक्क्यावर काढला. लाकडी मालवाहू गलबते पूर्वी इथे पाच-पाच ओळींत उभी असत. आता पुष्कळशी खाडीबाहेरच्या धक्क्यांवर हलवली आहेत, तरी काही अजून काठाला लागतात. माल उघड्यावर रचलेला होता: टायर, गाद्या, एअर कंडिशनर, चहाच्या पेट्या, बिस्किटांचे खोके. मोठी कंटेनर जहाजे ज्या बंदरांत जात नाहीत, जायला धजत नाहीत, तिथे हा माल ही गलबते पोचवतात. एका गलबतावर कच्छचे खलाशी भाकरी थापत होते. कुठे जाणार म्हणून विचारले तर एकाने बोटांवर मोजत सांगितले, बर्बेरा, बोसासो, जमले तर मोगादिशू. पावसाळ्याच्या महिन्यांत भारतीय गलबतांना समुद्रात जायला मनाई असते, तेव्हा ते गावी, मांडवीला जातात. गलबत सहज पन्नास-साठ पावले लांब होते, पूर्ण लाकडी. कुठे बांधले, असे विचारल्यावर त्याचा चेहरा खुलला. मांडवीत रुक्मावती नदीच्या काठावर अशी गलबते अजून बांधतात, नकाशा कागदावर नसतो, सुताराच्या डोक्यात असतो, दोन-दोन वर्षे काम चालते. सांगाडा पाण्यात उतरला की तो दुसऱ्या बोटीला बांधून ओढत समुद्रापार दुबईला आणतात आणि इंजिन इथे बसवतात. "इंजिन तो इधर भी मिलता है," तो म्हणाला, "जहाज देखना है तो मांडवी आओ. अभी तीन खडे हैं."